ते जात होते... आणि मग आम्ही निघालो

नकाशा डोळ्यासमोर आणा. आजच्या तुर्कस्तानचा पश्चिम किनारा, इथे त्रोवस नावाचं बंदर होतं, साधारण इ.स. ५० च्या सुमाराला ख्रिस्ती धर्माचा सुरुवातीचा प्रचारक पौल आणि त्याचे सोबती सीला आणि तरुण तीमथ्य इथे येऊन थांबलेत. रात्री पौलाला स्वप्नात एक माणूस दिसतो, म्हणतो इकडे मासेदोनियात, म्हणजे समुद्रापलीकडे ग्रीसच्या उत्तर भागात ये, आम्हाला मदत कर. आणि बायबलमधल्या प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायात नेमकं इथेच काहीतरी होतं जे वाचताना पटकन लक्षात येत नाही. आत्तापर्यंत लिहिणारा सांगत होता की ते इथे गेले, त्यांनी असं केलं, आणि दहाव्या वचनात एकदम "आम्ही".

म्हणजे लिहिणारा स्वतः बोटीत चढला!

परंपरा सांगते हा लूक, पौलाचा डॉक्टर मित्र. काही अभ्यासक म्हणतात की दुसऱ्याच कुणाची प्रवासाची डायरी इथे वापरलीय, काहींना ही त्या काळची लिहायची पद्धत वाटते, वाद अजून चालूच आहे. मला विचाराल तर तो माणूस तिथे होता असंच वाटतं, आणि त्याचं कारण सत्ताविसावा अध्याय.

कारण मासेदोनियातल्या फिलिप्पै शहरानंतर हा "आम्ही" गायब होतो, काही वर्षांनी पुन्हा फिलिप्पैलाच सापडतो, आणि मग इ.स. ६० च्या आसपास पौल कैदी म्हणून रोमला निघतो तेव्हा परत सोबत असतो. ज्यूंचा शरद ऋतूतला उपासाचा दिवस उलटून गेलाय, म्हणजे हिवाळी वादळांचे दिवस तोंडावर, पौल सांगतो की आता पुढे नको, पण कैद्यांवरचा रोमी अधिकारी, शताधिपती, तांडेलाचं आणि जहाजाच्या मालकाचं ऐकतो. क्रेत बेटाजवळ ईशान्येचा वारा सुटतो. मागे ओढत आणलेली होडी कशीबशी वर घेतात, जहाज फुटू नये म्हणून खालून दोर घालून आवळतात, माल फेकतात, आणि कित्येक दिवस ना सूर्य दिसतो ना तारे, त्या काळात म्हणजे आपण कुठे आहोत हेच कळायचा मार्ग बंद.

चौदाव्या रात्री खलाशांना जमिनीची चाहूल लागते. बुडीद, म्हणजे खोली मोजायची वजन बांधलेली दोरी टाकतात, वीस वाव पाणी. थोडं पुढे, पंधरा वाव. वाव म्हणजे दोन्ही हात पसरल्यावर होतं तेवढं अंतर, कोकणातल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. अंधारात खडकावर आपटू नये म्हणून मागच्या बाजूनं चार नांगर सोडतात आणि उजाडायची वाट बघतात. जहाजावर माणसं किती, तर २७६. सगळी वाचतात, कुणी पोहत, कुणी फळ्या धरून. बेट निघतं माल्टा.

१८४८ साली जेम्स स्मिथ नावाच्या स्कॉटिश माणसानं, जो स्वतः शिडाची बोट चालवायचा, याचा हिशोब मांडला. क्रेतजवळच्या कौदा बेटापासून माल्टा सुमारे पावणेपाचशे मैल, आणि असं वाहवत जाणारं जहाज दिवसाला साधारण ३६ मैल सरकणार, म्हणजे तेरा दिवस आणि थोडे तास. मजकुरातली चौदावी रात्र! बंदरं पुस्तकात वाचून लिहिता येतील हो, पण वाहवत जाण्याचा वेग कोण घरी बसून जुळवणार?

अजून एक गोष्ट. मूळ ग्रीकमध्ये आम्ही आणि आपण याला एकच शब्द आहे, मराठीत मात्र निवडावं लागतं, आणि आपल्या बायबलमध्ये "आम्ही" आहे. म्हणजे वाचणारा किनाऱ्यावर, आणि भिजलेली माणसं तिकडे.

माल्टात तीन महिने काढून ते दुसऱ्या जहाजानं निघतात, सुरकूस, रेगियम, पुत्युला ही इटलीकडची बंदरं आणि मग जमिनीवरून. रोमचे विश्वासी बांधव वाटेवरच्या अप्पियाच्या पेठेपर्यंत सामोरे येतात, त्यांना बघून पौलाला धीर येतो. आम्ही रोमला पोहोचलो, असं लिहिणारा सांगतो, अठ्ठाविसावा अध्याय, सोळावं वचन. त्यानंतर पुस्तक अजून चालू राहतं, पौल भाड्याच्या घरात दोन वर्षं काढतो, येईल त्याच्याशी बोलतो, पण लिहिणाऱ्याचा "आम्ही" परत येत नाही.