जादा मिती आहे, तर लपलीय कुठे?

नमस्कार मंडळी! माझ्या हातात आहे मावसभावाची लग्नपत्रिका. वर छापलंय, 'मिती मार्गशीर्ष शुद्ध पंचमी', खाली गोरज मुहूर्ताची वेळ आणि कार्यालयाचा पत्ता. म्हणजे कुठला रस्ता, कुठली आडवी गल्ली, कितवा मजला आणि किती वाजता. चारातलं एक जरी चुकलं तरी अक्षता हुकल्या. विज्ञानात अशा प्रत्येक स्वतंत्र मापाला मिती म्हणतात. गंमत बघा, आपल्या जुन्या पत्रांत आणि हुंड्यांत 'मिती' म्हणजे चक्क तारीख. आइनस्टाइन यायच्या आधीच आपण काळाला मिती म्हणून मोकळे! (हे लगेच 'पूर्वजांना सगळं ठाऊक होतं' म्हणून फॉरवर्ड करू नका. शब्दाचा योगायोग आहे, बाकी काही नाही.)

आजचा प्रश्न वेगळा आहे. लांबी, रुंदी, उंची यांच्याशिवाय जागेलाच आणखी एखादी दिशा असेल का? आणि असली, तर विश्वाच्या जन्माची गोष्ट बदलते का? या सगळ्या अटकळी आहेत, हे आधीच सांगतो. पण 'मला इथे पकडून दाखवा' असं स्वतःहून सांगणाऱ्या अटकळी मला आवडतात. आज त्यांच्याच मागे जाऊ.

दिव्यापासून दुप्पट लांब गेलात की उजेड एक चतुर्थांश होतो. गुरुत्वाकर्षणाचंही तसंच. जागेला चौथी दिशा असती, तर पसरायला जास्त वाव मिळाला असता आणि दुप्पट अंतरावर ते एक अष्टमांश झालं असतं. 1917 साली पॉल एरेनफेस्ट या भौतिकशास्त्रज्ञानं दाखवलं की अशा विश्वात ग्रहांच्या कक्षा टिकत नाहीत. जरासा धक्का लागला की पृथ्वी एक तर सूर्यात, नाहीतर कुठेतरी भरकटलेली. म्हणजे चौथी दिशा मोकळीढाकळी पसरलेली नाही, एवढं नक्की.

मग गुंडाळलेली असेल तर?

थिओडोर कालुझा हा क्यॉनिग्सबर्गचा गणिती. 1919 मध्ये त्यानं आइनस्टाइनची गुरुत्वाकर्षणाची समीकरणं जागेत एक मिती वाढवून लिहून पाहिली, तर त्यातून विद्युतचुंबकत्वाची समीकरणं आपोआप बाहेर पडली! आइनस्टाइनला कल्पना आवडली, तरी निबंध छापून यायला 1921 उजाडलं. हा कालुझा म्हणे पुस्तक वाचून पोहायला शिकला आणि थेट पाण्यात उतरला. माणूस तसाच होता, कागदावर जमलं की जमलं.

1926 मध्ये भौतिकशास्त्रज्ञ ऑस्कर क्लाइननं सांगितलं, की ही मिती सुरळीसारखी गुंडाळलेली असू शकेल. सुरळीची वडी आठवा. ताटावर पसरलेलं पीठ म्हणजे पृष्ठभाग, लांबी आणि रुंदी दोन्ही असलेला. तेच घट्ट गुंडाळा आणि लांबून बघा, दिसते नुसती एक रेघ. रुंदी कुठे गेली नाही, गुंडाळली गेली. फक्त क्लाइनच्या सुरळीचा आकार बघा. एका सेंटिमीटरचे एकावर तीस शून्यं एवढे तुकडे केलेत, तर त्यातला साधारण एक. कोण पकडणार? माझी तक्रार इथेच आहे. पुढे स्ट्रिंग सिद्धांतानं (मूलकण म्हणजे कंप पावणाऱ्या इवल्याशा तारा, ही कल्पना) काळ धरून दहा-अकरा मित्या मागितल्या, त्याही बहुतेक अशाच न सापडणाऱ्या.

आता टेबलाकडे बघा. ही टाचणी आणि हे फ्रिजवरचं चुंबक. (उचलतो.) टाचणीला खाली ओढतेय अख्खी पृथ्वी, वर ओढतंय हे एवढंसं चुंबक. आणि जिंकलं कोण? दोन प्रोटॉनमधलं विद्युतबल त्यांच्यातल्या गुरुत्वाकर्षणापेक्षा एकावर छत्तीस शून्यं एवढ्या पटीनं मोठं असतं. गुरुत्वाकर्षण एवढं मरतुकडं का?

1998 साली अर्कानी-हमेद, दिमोपोलस आणि द्वाली या तीन भौतिकशास्त्रज्ञांनी उत्तर सुचवलं, की ते मुळात मरतुकडं नाहीच, ते गळतंय. मसाला दुधावरची साय घ्या. सायीत अडकलेला केशराचा तंतू सायीतच राहतो, खाली उतरत नाही. आपण, आपले अणू, आपला प्रकाश असे सायीत अडकलेलो. गुरुत्वाकर्षण मात्र खालच्या दुधातही मुरतं, म्हणून आपल्या वाट्याला पातळ येतं.

हिशोब मांडला तर अशी एकच जादा मिती सूर्यमालेएवढी लागते. म्हणजे ती बाद, ग्रहांनी कधीच चुगली केली असती. दोन असतील तर साधारण मिलिमीटरच्या आसपास. आणि खरी मौज ही, की इतक्या कमी अंतरावर गुरुत्वाकर्षण तोवर कुणी नीट मोजलेलंच नव्हतं! न्यूटनचा नियम तिथेही चालतो, हे आपण धरूनच चाललो होतो.

मग सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात लोक कामाला लागले. बारीक तारेला टांगलेली भोकं पाडलेली तबकडी, तिच्याखाली हळूहळू फिरणारी तशीच दुसरी, मध्ये विद्युतबल अडवायला धातूचा पातळ पडदा. खालची फिरते तसं वरचीला किती पीळ बसतो ते मोजायचं. 2007 मध्ये त्यांनी 55 मायक्रोमीटरपर्यंतचा निकाल छापला. हे अंतर साधारण डोक्यावरच्या केसाच्या जाडीहून कमी. न्यूटन तिथेही बरोबर. मिलिमीटरभर सुरळी गेली. त्याहून बारीक असेल, तर अजून जिवंत आहे.

गळती मोठ्या अंतरावर होत असेल तर? 17 ऑगस्ट 2017 ला दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या (मेलेल्या ताऱ्यांच्या अतिघट्ट गाभ्यांच्या) टकरीच्या गुरुत्वीय लहरी, म्हणजे खुद्द जागेत उठलेल्या लाटा, इथे पोचल्या, सुमारे 13 कोटी प्रकाशवर्षांवरून. दुर्बिणींना प्रकाशही दिसला, त्यामुळे अंतर वेगळ्या वाटेनं कळलं. वाटेत गळती झाली असती तर लहरी अपेक्षेपेक्षा क्षीण लागल्या असत्या. तशा लागल्या नाहीत. अशाच लहरी टिपणारी वेधशाळा आपल्याकडे हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ होणार आहे, केंद्र सरकारनं 2023 मध्ये तिला मंजुरी दिली.

आता विश्वाचा जन्म. खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल आणि आपले जयंत नारळीकर यांच्या स्थिर विश्वात, म्हणजे कायम साधारण असंच असलेल्या विश्वात, जन्म हा प्रश्नच नव्हता. 1965 मध्ये आकाशभर भरून राहिलेलं मंद सूक्ष्मतरंग (मायक्रोवेव्ह) प्रारण सापडलं, तापलेल्या आरंभाची उरलेली धगच जणू, आणि बहुतेकांनी ती बाजू सोडली. नारळीकरांनी नाही सोडली, 1993 मध्ये हॉइल आणि खगोलशास्त्रज्ञ बर्बिज यांच्यासोबत तिची सुधारित आवृत्ती मांडली. मला ते पटत नाही, पण वेधांच्या मैदानात उतरून भांडणं याला म्हणतात.

2001 मध्ये सायीचा खेळ इथेही आला. ख्यूरी, ओवरुत, स्टाइनहार्ट आणि टुरोक हे भौतिकशास्त्रज्ञ म्हणाले, समजा एक नाही, दोन सायी आहेत, मध्ये जादा मितीची चिंचोळी फट. त्या एकमेकींवर आपटल्या, जी उष्णता निघाली तोच आपला महास्फोट. मग 1380 कोटी वर्षांपूर्वीचा तो क्षण आरंभ नव्हे, नुसती एक टक्कर.

पकडायचं कसं? 'इन्फ्लेशन', म्हणजे विश्व क्षणात प्रचंड फुगलं ही प्रतिस्पर्धी कल्पना खरी असेल, तर त्या प्राचीन प्रारणात गुरुत्वीय लहरींचा ठसा असू शकतो. टकरीत तो जवळजवळ नसतोच. मार्च 2014 मध्ये दक्षिण ध्रुवावरच्या बायसेप-2 दुर्बिणीच्या गटानं ठसा सापडल्याची बातमी दिली, टकरीची कल्पना संपल्यात जमा झाली. पुढच्याच वर्षी प्लँक उपग्रहाच्या मोजणीशी ताडून पाहिलं, तर तो ठसा म्हणजे बरीचशी आपल्याच आकाशगंगेतली धूळ!

हा सामना मात्र एकतर्फी आहे. ठसा सापडला तर टक्कर हरली. नाही सापडला तर टक्कर जिंकली असं नाही, कारण इन्फ्लेशनचेही काही प्रकार फारच फिका ठसा सोडतात. दक्षिण ध्रुवावरच्या दुर्बिणी अजून त्याच धुळीतून शोधतायत. आणि इथे, ही बघा, टाचणी अजून लोंबकळतेय.