कात्री कुठे लागली?

मंडळी, नवा डिजिटल सिंथेसायझर येतोय आणि तो परवडणारा आहे, अशी नुसती कुणकुण लागली तरी कीबोर्डवाल्यांची काय अवस्था होते हे इथे बसलेल्यांना वेगळं सांगायला नको. कुठून तरी एक अंधुक फोटो फुटतो. वाद्याचा जेमतेम डावा कोपरा दिसत असतो. तेवढ्यावरून पट्ट्या मोजल्या जातात, मागचे जॅक मोजले जातात, नॉब गरागरा फिरणारे आहेत की दोन टोकांना अडणारे, यावर तावातावाने वाद होतात. साधारण जानेवारीत कॅलिफोर्नियात नॅमचं वाद्य-प्रदर्शन भरतं, मेच्या सुमारास बर्लिनला सुपरबूथ हे सिंथेसायझरांचं प्रदर्शन. त्याआधीच्या दिवसांत तर अफवांना ऊत येतो.

बाहेरचा माणूस हे बघून हसतो. घरात तीन कीबोर्ड पडलेत, चौथा कशाला? प्रश्न रास्त आहे. यात हौस आहे, थोडा हव्यासही आहे, मी नाही म्हणत नाही. पण चार सिंथ वापरून झालेल्या माणसाला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. वाद्य स्वस्त झालं म्हणजे कुठेतरी कात्री लागलेली आहे. ती कुठे लागली हे कळेपर्यंत त्याला चैन पडत नाही. आज मी त्या कात्रीविषयीच बोलणार आहे, कारण माझ्या मते स्वस्त सिंथेसायझरांचा सगळा इतिहास त्या कात्रीचाच आहे.

१९७८ साली प्रॉफेट-५ नावाचा सिंथ आला. एका वेळी पाच सूर वाजणार, आणि किंमत सुमारे चार हजार डॉलर. पाच वर्षांनी, १९८३ मध्ये, यामाहाचा डीएक्स-७ आला. एका वेळी सोळा सूर, एकसष्ट पट्ट्या, बोटाच्या जोराला प्रतिसाद, पट्टी दाबून धरल्यावर पुन्हा दाब दिला तर त्यालाही प्रतिसाद, वर त्याच वर्षी बाजारात आलेलं मिडी, म्हणजे एका वाद्याने दुसरं वाजवता यावं म्हणून वायरीने जोडायची सोय. किंमत १९९५ डॉलर. तेव्हाच्या वादकांना हे वाचून काय वाटलं असेल, विचार करा.

त्याच्या मागे मोठी प्रतीक्षा होती, फक्त ती कंपनीच्या आतली होती. स्टॅनफर्डला जॉन चाउनिंग या संगीतकाराला १९६७ च्या सुमारास व्हायब्रेटोचे प्रयोग करताना लक्षात आलं, की सूर हलवण्याचा वेग वाढवत नेला तर एका टप्प्यावर हलणं ऐकू येईनासं होतं आणि नवाच नाद तयार होतो. हेच एफएम सिंथेसिस. यामाहाने त्याचे हक्क घेतले, पेटंट १९७७ मध्ये मिळालं, आणि सामान्य वादकाला परवडेल असं वाद्य निघायला १९८३ उजाडलं. मधली वर्षं गेली ती हे गणित वेगाने करणाऱ्या चिप स्वस्तात बनवण्यात. नव्वदच्या दशकाच्या मध्याला पेटंटची मुदत संपली. आज कुठल्याही कंपनीच्या छोट्याशा डबीतही एफएम सापडतं.

मग डीएक्स-७ मध्ये कात्री कुठे लागली? दर्शनी पाटीवर. आधीच्या सिंथवर प्रत्येक गोष्टीला एक नॉब असायचा. इथे नॉब नाहीतच. पातळ आवरणाखालची सपाट बटणं, दोन ओळींचा इवलासा डिस्प्ले आणि आकडे बदलायला एकच सरकपट्टी. आत सहा ऑपरेटर, म्हणजे एकमेकांना हलवून नाद घडवणारे घटक, ते जोडण्याच्या बत्तीस पद्धती, दीडशेच्या आसपास आकडे. एकेक आकडा बोलवायचा, बदलायचा, पुढे जायचं. संगीतकार ब्रायन इनोसारखे मोजके लोक त्यात रमले. बाकीच्यांनी कंपनीने भरून दिलेले नाद वाजवले. त्यातला 'ई पियानो १' हा इलेक्ट्रिक पियानोचा नाद तर ऐंशीच्या दशकातल्या संथ गाण्यांमध्ये इतका वाजला की पुढे त्याचा वीट आला. आता हे मात्र मला महत्त्वाचं वाटतं. तो नाद चांगला होता हे खरंच, पण तो बदलणं जिकिरीचं होतं, म्हणूनही तो सगळीकडे तसाच्या तसा ऐकू आला. पाटीवरच्या कात्रीने एका दशकाचा आवाज ठरवला.

दुसरी गंमत रोलंडच्या जुनो-१०६ ची, १९८४ सालची. त्यांनी दर सुरामागे एकच ऑसिलेटर, म्हणजे मूळ सूर काढणारा भाग, ठेवला. दोन ऑसिलेटर किंचित बेसूर लावले की नाद भरदार होतो, ही तोवरची वहिवाट. एकावर भागवायचं तर आवाज किरटा येणार. म्हणून शेवटी एक स्टीरिओ कोरस बसवला, एका सुराचे अनेक भासवणारा, दोन प्रकारांचा. बटण दाबलं की मागे बारीकशी खरखर सुरू होते आणि तोच किरटा सूर खोलीभर पसरतो. ही होती काटकसरीवरची मलमपट्टी. आज त्या मलमपट्टीचीच नक्कल सॉफ्टवेअरमध्ये केली जाते, काही ठिकाणी खरखरीसकट!

कॅसिओचा सीझेड-१०१ तर माझा फार लाडका. ४९९ डॉलर. एकोणपन्नास छोट्या पट्ट्या, बोटाच्या जोराचं काही भान नाही, बॅटरीवर चालणार, गळ्यात अडकवायला पट्ट्याची सोय. दिसायला निव्वळ खेळणं. पण आत बघा. सूर, नादाचा पोत आणि आवाजाची पातळी, तिन्हींना आठ-आठ टप्प्यांचे एन्व्हलप, म्हणजे पट्टी दाबल्यापासून नाद कसकसा बदलत जाईल याचे आराखडे. शिवाय मिडीवरून चार वेगवेगळ्या चॅनेलवर चार वेगळे नाद एकाच वेळी वाजायचे. म्हणजे कात्री लावणाऱ्याने हाताखालची वस्तू कापली आणि डोकं शाबूत ठेवलं. ज्यांच्याकडे आधीच एक चांगला कीबोर्ड होता, त्यांनी याला मिडीची वायर जोडली आणि पट्ट्यांकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

एन्सोनिकच्या मिराजचं उदाहरण ओझरतं सांगतो. फेअरलाइटसारखे सॅम्पलर, म्हणजे खरे आवाज टिपून ते पट्ट्यांवर वाजवणारी वाद्यं, लाखमोलाचे असताना हा १९८५ च्या सुमारास दोन हजार डॉलरच्या आत आला. डिस्प्ले दोन अंकांचा, आणि तोही हेक्साडेसिमल, म्हणजे दहाऐवजी सोळाच्या पायावर मोजणारा. फिल्टर, म्हणजे नादातला वरचा भाग गाळणारी चाळणी, उघडायचा तर आधी हेक्समधला क्रमांक पाठ पाहिजे. लोकांनी तेही पाठ केलं.

आता आजच्याकडे येऊ. आज डोकं फुकट झाल्यासारखंच आहे. कॉर्गचे वेव्हस्टेट, ऑपसिक्स आणि मॉडवेव्ह घ्या, २०२० आणि २०२१ चे. त्यांच्या पोटात रास्पबेरी पायचं कॉम्प्यूट मॉड्यूल आहे, म्हणजे शाळकरी पोरं ज्यावर प्रोग्रामिंग शिकतात त्याच कुळातला संगणक. डीएक्स-७ साठी खास चिप घडवाव्या लागल्या होत्या, इथे बाजारात तयार मिळणाऱ्या पाटीवर एफएम चालतं. आणि त्याच तिघांच्या पहिल्या आवृत्त्यांमध्ये पट्ट्या किती? सदतीस. आफ्टरटच, म्हणजे दाबून धरलेल्या पट्टीवरच्या दाबाला प्रतिसाद? नाही. चिप दर काही वर्षांनी स्वस्त होते. स्प्रिंग, प्लास्टिक, लोखंड आणि ते जुळवणारे हात स्वस्त होत नाहीत. म्हणून नव्या परवडणाऱ्या वाद्याची जाहिरात जेव्हा 'हजारो नाद' म्हणून सुरू होते, तेव्हा मी जरा सावध होतो. नाद देणं सगळ्यांनाच परवडतं.

पट्टीखाली काय असतं ते थोडं सविस्तर सांगतो, कारण अर्धी कात्री तिथेच लागते. पट्टीखाली रबराची एक लांब फीत असते. त्यात प्रत्येक पट्टीसाठी दोन फुगीर भाग, एक किंचित उंच, एक बुटका, दोन्हींच्या तळाला कार्बनचा ठिपका. बोट पडलं की आधी पहिला ठिपका टेकतो, मग दुसरा. वाद्य तुमचा जोर मोजतच नाही! या दोन टेकण्यांमध्ये किती वेळ गेला तेवढंच मोजतं. जोरात मारलंत तर अगदी काही मिलिसेकंद, हलकेच दाबलंत तर त्याच्या कितीतरी पट. त्या वेळेचं रूपांतर १ ते १२७ या आकड्यात होतं. एकसष्ट पट्ट्या म्हणजे एकशे बावीस ठिपके, आणि ते सगळे एकामागून एक, न थांबता तपासायचे. तपासणी आळशी असली, किंवा रबर सगळीकडे सारखं नसलं, तर चार सारख्या ठोक्यांना चार वेगळे आवाज येतात. आपण समजतो आपला हात बिघडला. मोठमोठ्या कंपन्याही पट्ट्यांचा संच अनेकदा इटलीच्या फातारसारख्या कंपनीकडून आणतात, ते उगाच नाही.

ही अडचण एका मंडळींनी वेगळ्याच वाटेने सोडवली. आर्टुरियाच्या मायक्रोफ्रीकमध्ये, २०१९ साली, हलणाऱ्या पट्ट्याच ठेवल्या नाहीत. सपाट, स्पर्श ओळखणारी पाटी. स्प्रिंग नाही, रबर नाही. पण बोट चपटं दाबत नेलं की प्रत्येक पट्टीचा दाब वेगळा कळतो, आणि ही सोय महागड्या कीबोर्डांमध्येही क्वचितच असायची. पियानो शिकलेल्या लोकांनी नाकं मुरडली, आणि त्यांचंही चूक नव्हतं. माझं म्हणणं एवढंच, की कात्री लावायचीच तर अशी लावा. अर्धवट स्वस्त पट्टी देण्यापेक्षा काहीतरी वेगळंच द्या.

दुसरी जागा फिल्टरच्या नॉबची. माणसाला ऐकू येणारा पल्ला साधारण वीस हर्ट्झ ते वीस हजार, म्हणजे सुमारे दहा सप्तकं, म्हणजे एकशे वीस अर्धस्वर. जुन्या मिडीच्या हिशोबात नॉबला १२८ पायऱ्या. म्हणजे कटऑफचा, फिल्टर कुठून गाळणार ते ठरवणारा, नॉब पूर्ण फिरवला तर प्रत्येक पायरी जवळजवळ एका अर्धस्वराची. रेझोनन्स, म्हणजे फिल्टरच्या त्या जागेवरचा ठसठशीतपणा, वाढवून नॉब सावकाश फिरवा, मींड ऐकू यायच्या जागी जिना ऐकू येतो. यावर इलाज आहे, दोन पायऱ्यांमधलं अंतर सॉफ्टवेअरने भरून काढायचं. त्याला एक पैशाचं जास्तीचं सामान लागत नाही. लागतो तो लिहिणाऱ्याचा कान आणि थोडा वेळ. म्हणून तिथे जिना ऐकू आला की मला किमतीचा राग येत नाही, आळसाचा येतो.

एका वेळी किती सूर, हा आकडा सगळे विचारतात, आणि तो फसवाही आहे. आठ सूर म्हणजे पुष्कळ वाटतात. उजव्या हाताने चार सुरांची कॉर्ड घेतली, पेडल दाबलेलं, दुसरी कॉर्ड घेतली, संपले आठ. आता डाव्या हाताचा खर्ज आला की पहिल्या कॉर्डमधला एक सूर कापला जाणार. दोन नाद एकावर एक चढवले तर काही वाद्यांत आठाचे चारच उरतात. उलट लीड किंवा बास वाजवणाऱ्याला चारही जास्त होतात. कॉर्गचा मायक्रोकॉर्ग २००२ साली आला, चार सुरांचा, छोट्या पट्ट्यांचा, पाच नॉबचा. आतलं इंजिन त्यांच्याच एमएस-२००० चं. तो वीस वर्षांनंतरही विकला जात होता. का? माझ्या मते त्यावरच्या मोठ्या चाकामुळे. त्यावर ट्रान्स, टेक्नो, हिप-हॉप अशी नावं छापली होती. चाक फिरवलं की नव्या मुलाला घटकेत हवं ते सापडायचं. जाणत्यांनी त्या चाकाची थट्टा केली. पण आकड्यांच्या जंगलात न शिरता नाद शोधता येणं, हेच तर डीएक्स-७ मध्ये कापलं गेलं होतं.

मग वाट बघताना करायचं काय? प्रात्यक्षिकाचे व्हिडिओ बघा, पण त्यात वाजवणारा अव्वल असतो आणि वरून भरपूर रिव्हर्ब, म्हणजे कृत्रिम घुमारा, घातलेला असतो हे लक्षात ठेवा. मी त्यापेक्षा मॅन्युअलची वाट बघतो. बऱ्याच कंपन्या वाद्य दुकानात येण्याआधी ते उघड करतात. सरळ शेवटच्या पानांवर जा, मिडीचा तक्ता बघा. पट्ट्यांना आफ्टरटच नसला तरी बाहेरून आलेला आफ्टरटच वाद्याला समजतो का? समजत असेल तर सीझेड-१०१ ची युक्ती आजही चालते. सुरांची जुळणी बदलता येते का? बारा समान स्वरांपलीकडे जाणाऱ्याला ही सोय हवीच असते. तिला जास्तीचं सामान लागत नाही, तरी अनेकदा ती दिलेली नसते.

आणि पहिल्या खेपेचं वाद्य घ्यावं का, हा प्रश्न येणारच आहे, म्हणून आधीच सांगतो. पहिलं फर्मवेअर, म्हणजे वाद्याच्या पोटातलं सॉफ्टवेअर, बहुधा कच्चं असतं. मायक्रोफ्रीकला पुढच्या अपडेटमध्ये नवे ऑसिलेटर मिळत गेले, २०२३ मध्ये तर सॅम्पल वाजवण्याची सोयही आली, तीही फुकट. तेव्हा सॉफ्टवेअरमधलं काही राहिलं असेल तर थांबायला हरकत नाही, ते येऊ शकतं. पट्ट्या, नॉब, जॅक आणि पेडलची भोकं मात्र कुठल्याही अपडेटमध्ये येत नाहीत. ती पहिल्या फोटोत जेवढी दिसतात, तेवढीच मिळणार. त्या अंधुक फोटोवर डोळे ताणून बसणाऱ्यांना मी म्हणूनच वेडं समजत नाही.

बरं, आता प्रश्न घेऊ.