काकोलूकीयम् आणि दाहाका

नमस्कार मंडळी. आज व्हिडिओ गेमबद्दल बोलायचंय. ज्यांनी जन्मात कधी गेम खेळला नाही त्यांनी पण रेडिओ बंद करू नका, कारण यात माझी आजी आहे आणि पंचतंत्र पण आहे.

तर प्रिन्स ऑफ पर्शिया. मूळचा १९८९ चा, जॉर्डन मेकनरने केलेला. त्याने स्वतःच्या भावाला पळायला, उड्या मारायला लावून त्याचं शूटिंग केलं आणि त्यावरून राजपुत्राच्या हालचाली काढल्या. जमिनीतून वर येणारे सुळे, पायाखालून सुटणाऱ्या फरश्या, हातात फक्त साठ मिनिटं, आठवत असेल खूप जणांना. पण आमचं भांडण त्याच्यावरून नाही. भांडण याच मालिकेतल्या २००३ च्या सँड्स ऑफ टाइमवरून आणि त्याच्यानंतर वर्षभरात आलेल्या वॉरियर विदिनवरून. दुसरा पहिल्याच्या तोडीचा आहे का? दादा म्हणतो वरचढ आहे. मी म्हणते नाही. वीस वर्षं झाली, अजून दिवाळीत निघतो विषय.

पहिला, म्हणजे सँड्स ऑफ टाइम, थोडक्यात असा. राजपुत्राच्या हातात एक खंजीर आहे, त्याने वेळ मागे नेता येते. कड्यावरून पडलात, बटण दाबून धरा, काही सेकंद मागे. आणि ही सगळी गोष्ट राजपुत्र स्वतः कोणाला तरी सांगतोय. हे लक्षात ठेवा हं, तो कोणाला तरी सांगतोय. तुम्ही मेलात की त्याचा आवाज येतो, नाही नाही, असं नव्हतं झालं, आणि गोष्ट परत मागे जाते.

आता आजीची गोष्ट. आमच्या कम्प्युटरवर तो गेम चालायचा नाही, ग्राफिक्स कार्ड लागायचं, म्हणून मे महिन्याच्या सुट्टीत मी मिरजेला काकांकडे जाऊन बसायचे. मधल्या खोलीत कम्प्युटर, शेजारी खाली बसून आजी तांदूळ निवडायची. लोडशेडिंगचे दिवस, लाइट जायच्या आत सेव्ह करायची घाई, आणि सेव्ह करायला त्या वाळूच्या झोतापर्यंत पोचावं लागायचं. तिथे पोचलं की पुढे काय होणारे त्याची झलक दिसायची. दादा मागे उभा राहून सूचना करायचा.

एकदा असा सीन आला की राजपुत्र आणि फराह अंधारात अडकलेत. फराह म्हणजे हिंदुस्तानातल्या महाराजाची मुलगी. ती त्याला सांगते की लहानपणी मला अंधाराची भीती वाटायची, तेव्हा आईने एक शब्द शिकवला होता, तो म्हटला की दार उघडतं. आणि तो शब्द ती उच्चारते, काकोलुकिया. दादा ओरडत होता की स्किप कर, स्किप कर, पुढे मारामारी आहे. (मला हे स्किप करणं अजिबात पटत नाही, माणसं सिनेमातला संवाद पुढे ढकलत नाहीत, मग गेममधला का ढकलतात? आणि पुस्तकातली वर्णनं गाळून वाचणारे पण तसेच.) मी स्किप केलं नाही आणि बरं झालं, कारण आजीचा हात ताटात थांबला.

"काय म्हणाली ग ती पोरगी?"

मी म्हटलं, काहीतरी मंत्र आहे आजी.

"मंत्र कसला! ते काकोलूकीयम्, म्हणजे कावळे आणि घुबडं. पंचतंत्रातलं तिसरं तंत्र ते."

आणि तिने तिथेच गोष्ट सुरू केली, तांदूळ तसेच. कावळ्यांचा राजा मेघवर्ण वडावर, घुबडांचा राजा अरिमर्दन गुहेत. म्हातारा कावळा स्थिरजीवी, त्याला आपल्याच लोकांनी मारून टाकून दिल्याचं सोंग, घुबडं त्याला गुहेत आसरा देतात, आणि तो घरटं बांधायच्या नावाखाली गुहेच्या तोंडाशी काटक्या रचतो. घुबडांना दिवसा दिसत नाही. भर दुपारी आग. मग आजी म्हणाली, "त्या गोष्टीत तर दार बंद करून जाळतात ग, आणि ही पोरगी त्याच शब्दाने दार उघडते." आणि कितीतरी वेळ त्यावर विचार करत बसली. दुपारी लाइट गेली तरी आम्ही तिघं त्या अंधारात काकोलूकीयम् काकोलूकीयम् करत होतो.

(पंचतंत्र लायब्ररीत बालविभागात का ठेवतात, हा माझा जुना राग आहे. ते राजनीतीचं पुस्तक आहे, मोठ्यांनी वाचायचं.)

शेवटी कळतं की राजपुत्र ही गोष्ट फराहलाच सांगत होता. वेळ मागे गेलीये, तिला काहीच आठवत नाही, ती त्याला ओळखत पण नाही. ती नाव विचारते आणि तो तिचाच तो गुपित शब्द सांगतो. आजीने डोळ्याला पदर लावला.

मग पुढच्या सुट्टीत दादाने वॉरियर विदिनची सीडी आणली. दोन हातात दोन हत्यारं, रक्त, कानठळ्या बसवणारं मेटल संगीत, राजपुत्राचा आवाजसुद्धा दुसऱ्याच नटाचा. पण दादाची बाजू पण सांगते, कारण ती खरी आहे. पहिल्यातली मारामारी कच्ची होती, तेच तेच वार. आणि दुसऱ्याची कल्पना जबरदस्त. वेळेशी खेळलास ना, मग काळाचा रखवालदार तुझ्या मागे लागणार, कारण तू मरायला हवा होतास. त्याचं नाव दाहाका. तो मागे लागला की स्क्रीनचा रंग उडतो आणि फक्त पळायचं, बघायचं नाही. आणि पाण्याची धार मध्ये आली की तो अडतो. आजी बघत होतीच. म्हणाली, "दाहक ना तो? मग पाण्याला भिणारच." खरं तर ते नाव इराणी पुराणातल्या अझी दाहाकावरून घेतलंय, अझी म्हणजे साप, आपल्या संस्कृतातला अहि. पण आजीचं ऐकून दादा इतका खूश झाला की म्हणाला बघ, आजीलापण दुसरा आवडला.

आजी मात्र तासाभराने म्हणाली, "ती पोरगी कुठाय रे? आणि हा हे सगळं सांगतोय कोणाला?"

दादाकडे उत्तर नव्हतं. फराह त्यात जवळजवळ नाहीच. आणि माझं म्हणणं तेव्हापासून तेच आहे. पहिला राजपुत्र कोणाला तरी सांगतोय, दुसऱ्याचं ऐकायला कोणी नाही. मेकनरचा स्वतःचा पण त्या दुसऱ्या गेममध्ये हात नव्हता, आणि त्यातली हिंसा, त्याचं रंगरूप आपल्या पसंतीचं नाही असं त्याने उघड सांगितलं होतं.

२०२० मध्ये पहिल्याच गेमचा रिमेक जाहीर झाला, तेही आपल्या पुण्यामुंबईच्या स्टुडिओंकडून, तेव्हा दादाचा फोन आला, वॉरियर विदिनचा का नाही म्हणून. २०२२ मध्ये ते काम माँट्रियलला गेलं, तेव्हा पण आलाच.

तिसरा गेम, द टू थ्रोन्स, २००५ मध्ये आला. फराह परत, राजपुत्राचा जुना आवाज परत. शेवटी फराह त्याला विचारते आणि तो पहिल्या गेममधल्याच शब्दांनी गोष्ट सांगायला लागतो. आजीने ताट बाजूला सारलं, खुर्ची पुढे ओढली आणि दादाला म्हणाली, "आता मध्ये बोलू नकोस, ऐकू दे."