ससे दिसेनासे झाले तेव्हा

(वन्यजीव सप्ताहाच्या निमित्ताने सोलापुरात सर्पमित्र, महाविद्यालयीन विद्यार्थी आणि निसर्गप्रेमींसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी.

समोर बरेच सर्पमित्र बसलेले दिसतात, त्यामुळे विषारी कोणता आणि बिनविषारी कोणता यात वेळ घालवत नाही. नाग, घोणस, मण्यार, फुरसं यांच्याशी तुमची रोजची गाठ आहे. आज बोलायचंय ते विष नसलेल्या सापाबद्दल. तो सहसा माणसाच्या वाटेलाही जात नाही. तरीही एका अख्ख्या राष्ट्रीय उद्यानातले बरेचसे सस्तन प्राणी त्याने पंचवीस-तीस वर्षांत संपवत आणले. हा बर्मी अजगर, आणि हे घडलं अमेरिकेत, फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाला, एव्हरग्लेड्स नावाच्या पाणथळ प्रदेशात.

जागेचा अंदाज यावा म्हणून सांगतो. एव्हरग्लेड्स राष्ट्रीय उद्यान १९४७ साली झालं. क्षेत्र सुमारे ६,१०० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या सोलापूर जिल्ह्याच्या साधारण चाळीस टक्के. घोट्यापासून कमरेपर्यंत पाणी, त्यात धारदार पात्यांचं उंच गवत, मधेमधे झाडांची बेटं आणि समुद्राच्या बाजूला खारफुटी. रस्ते मोजकेच. आत शिरायचं तर होडी हवी. सापाला लपायला याहून चांगली जागा शोधून सापडणार नाही.

अजगर तिथे चालत गेला नाही. त्याला विकत नेलं. १९९६ ते २००६ या काळात अमेरिकेत ९०,०००हून अधिक बर्मी अजगर आयात झाले, घरात पाळण्यासाठी. अंड्यातून निघालेलं पिल्लू जेमतेम हातभर असतं, नक्षी देखणी, स्वभाव बराचसा शांत. दोन-तीन वर्षांत तेच पिल्लू तीन मीटरच्या पुढे जातं. मग त्याला उंदीर पुरत नाहीत, ससे लागतात, पिंजरा पुरत नाही, खोली लागते. मालक थकतो. मारवत नाही, ठेववत नाही. रात्री गाडीत घालून कालव्याच्या कडेला सोडून येतो, आणि आपण एका जिवाला मोकळं केलं असं त्याला मनापासून वाटतं.

एक गोष्ट तुम्ही वाचली असेल. १९९२ च्या ऑगस्टमध्ये अँड्र्यू नावाचं चक्रीवादळ दक्षिण फ्लोरिडावर आदळलं, अजगरांची पैदास करणारं एक केंद्र उद्ध्वस्त झालं आणि तिथले साप रानात गेले. वादळाने भर घातली असेलही. पण उद्यानाच्या परिसरात पहिला बर्मी अजगर नोंदला गेला तो १९७९ साली, वादळाच्या तेरा वर्षं आधी. मला वाटतं, वादळाची गोष्ट लोकांना आवडते कारण वादळाला जाब विचारता येत नाही. हजारो घरांतून एकेक साप गेला, हे मान्य करणं जड जातं. इथे रानात अजगर वाढतोय, त्याची वीण होतेय, हे अधिकृतपणे मान्य व्हायला २००० साल उजाडलं.

इतका उशीर का झाला, हा आजच्या व्याख्यानाचा गाभा आहे.

पाच मीटरचा साप दिसत कसा नाही, असं कुणीही विचारेल. सर्पमित्रांना मात्र हे लगेच पटेल, कारण धामण तुमच्या पायापाशी असते आणि शेतकऱ्याला ती दिसत नाही. एव्हरग्लेड्समध्ये संशोधकांनी अजगरांच्या अंगात रेडिओ यंत्रं बसवली. साप नेमका कुठे आहे हे यंत्र सांगतं, माणूस तिथे उभा राहतो, आणि तरीही गवतात तो दिसत नाही. अजगर समोर असताना माणसाच्या नजरेला पडण्याची शक्यता एक टक्क्याहूनही कमी निघाली. म्हणजे एक अजगर दिसला तर मागे शंभर असू शकतात.

मग कळलं कशावरून? अजगर दिसल्यावरून नव्हे. बाकीचे प्राणी दिसेनासे झाल्यावरून.

१९९६-९७ मध्ये उद्यानाच्या रस्त्यांवर रात्री गाडी हळू चालवत किती प्राणी दिसतात याची मोजणी झाली होती. पुढे २००३ ते २०११ या काळात त्याच पद्धतीने पुन्हा मोजणी केली, जवळपास ५७,००० किलोमीटर गाडी चालवून. निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाले. रॅकून दिसण्याचं प्रमाण ९९.३ टक्क्यांनी घटलं होतं. ओपॉसम हा पोटाला पिशवी असलेला प्राणी, तो ९८.९ टक्क्यांनी. बॉबकॅट हे तिथलं रानमांजर, ते ८७.५ टक्क्यांनी. ससे आणि कोल्हे तर एकदाही दिसले नाहीत. हे दुर्मीळ प्राणी नव्हेत. रॅकून म्हणजे तिथे कचऱ्याच्या डब्यापाशी येणारा प्राणी. आपल्याकडे मुंगूस जितकं सहज दिसतं तितकाच तो तिथे दिसायचा.

इथे शंका घेता येते, आणि संशोधकांनीही घेतली. अजगर वाढले आणि ससे घटले, एवढ्याने अजगरानेच ससे खाल्ले हे सिद्ध होत नाही. रोग असेल, पाण्याची पातळी असेल. म्हणून त्यांनी पाणथळीतल्या सशांना रेडिओ पट्टे बांधून काही ससे उद्यानात सोडले, काही अजगर नसलेल्या भागात तपासले. उद्यानात मेलेल्या सशांपैकी ७७ टक्के अजगरांच्या पोटात गेले. अजगर नसलेल्या भागात ससे मेलेच, पण तिथे त्यांना मुख्यतः इतर सस्तन शिकारी खात होते. सशाला बॉबकॅट ठाऊक आहे. दोन-दोन दिवस न हलता पडून राहणारा, ओठांवरच्या खाचांनी अंगाची ऊब ओळखणारा शिकारी त्याच्या कुठल्याच पिढीने पाहिलेला नव्हता.

अजगराचं शरीरच असं आहे की अशा ठिकाणी तो जिंकणार. एकदा पोटभर मिळालं की महिनोन्महिने उपाशी राहतो. मोठं भक्ष्य गिळल्यावर दोन दिवसांत त्याच्या हृदयाचं वजन सुमारे ४० टक्क्यांनी वाढतं, पचन संपलं की पुन्हा कमी होतं. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा विश्वास बसला नव्हता. आवळण्याबद्दलही आपला समज जुना आहे. भक्ष्य गुदमरून मरतं असं आपण शिकलो. बोआ सापांवर २०१५ मध्ये झालेल्या प्रयोगात दिसलं की विळखा पडताच रक्ताभिसरणच कोलमडतं, काही सेकंदांत. मादी अंड्यांभोवती वेटोळं घालून बसते आणि स्नायू थरथरवून त्यांना ऊब देते. फ्लोरिडात सापडलेल्या ९८ किलोच्या एका मादीच्या पोटात १२२ अंडी तयार होत होती.

थंडीने काम होईल अशीही आशा होती. जानेवारी २०१० मध्ये मोठी लाट आली, रेडिओ बसवलेल्या दहापैकी नऊ अजगर मेले. पण जे तगले त्यांचीच पिल्लं पुढे आली.

रॅकून गेला की त्याच्या जागी नुसती पोकळी राहत नाही. तिथला एक डास पूर्वी हरीण, रॅकून, ओपॉसम अशा अनेकांचं रक्त प्यायचा. हे प्राणी गेले तसा तो एका रानउंदराकडे वळला. १९७९ च्या तुलनेत २०१६ मध्ये त्या उंदराच्या रक्ताचं प्रमाण पाचपट झालेलं आढळलं. हाच उंदीर एव्हरग्लेड्स नावाचा विषाणू बाळगतो, आणि तो माणसालाही होतो. अजगरांबरोबर आशियातला एक फुप्फुसातला परजीवीही तिथे पोचला आणि स्थानिक सापांमध्ये पसरला. म्हणजे ज्या सापांना अजगर खात नाही, तेही सुटले नाहीत.

ग्वाम बेटाचा उल्लेख करून पुढे जातो. तिथला तपकिरी वृक्षसर्प महाकाय वगैरे नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर मालवाहतुकीतून पोचला, आणि १९८०च्या दशकापर्यंत बारापैकी दहा स्थानिक वनपक्षी बेटावरच्या रानातून गेले. कीटक खाणारे पक्षी गेले आणि कोळ्यांची जाळी प्रचंड वाढली. बिया वाहून नेणारे पक्षी गेले आणि झाडांची नवी रोपं कमी झाली. सापाच्या आकाराला घाबरू नका, एवढंच यातून घ्या. नवखेपणा जास्त महागात पडतो.

आता जे सांगणार आहे ते नीट ऐका, कारण इथून घरी जाताना कुणाच्या मनात अजगराबद्दल राग असेल तर माझं व्याख्यान फुकट गेलं. हाच बर्मी अजगर आपल्या ईशान्य भारतात, म्यानमार, थायलंड, व्हिएतनाम, दक्षिण चीनमध्ये मूळचा आहे आणि तिथे तो कातडीसाठी, मांसासाठी मारला जातोय. जागतिक यादीत तो असुरक्षित म्हणून नोंदलेला आहे. एका देशात त्याला शोधून मारण्यासाठी पैसे मिळतात आणि मायदेशात त्याला वाचवावं लागतंय. त्याचा सख्खा भाऊ, आपला भारतीय अजगर, सह्याद्रीत आणि विदर्भात आहे, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं सर्वोच्च संरक्षण त्याला आहे. तो इथला आहे. त्याच्याबरोबर कोल्हा, मुंगूस, घोरपड, रानडुक्कर हे सगळे घडले. त्याची अंडी आणि पिल्लं खाणारे इथे आहेत, त्याला ओळखणारं भक्ष्य इथे आहे.

फ्लोरिडाला शेवटी मदत कुठून गेली, हे आपल्याला अभिमान वाटावं असं आहे. २०१३ मध्ये तिथे अजगर पकडण्याची जाहीर स्पर्धा झाली. सुमारे १,६०० लोक उतरले, महिनाभरात ६८ अजगर मिळाले. २०१७ मध्ये फ्लोरिडा विद्यापीठाने तामिळनाडूतल्या इरुला जमातीचे मासी सदैयन आणि वडिवेल गोपाल यांना बोलावलं. पहिल्या आठच दिवसांत त्यांच्या साथीने १३ अजगर पकडले गेले. ते गवतात साप शोधत नव्हते, सापाच्या खुणा शोधत होते: दबलेली माती, विष्ठा, कातीचा तुकडा. दोघांनाही २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. तुमच्यातल्या जुन्या सर्पमित्रांकडे असं ज्ञान आहे. ते तरुणांनी शिकून घ्यावं, मोबाईलवर चित्रफीत काढण्याआधी.

आता आपल्या माळरानाकडे येतो. बर्मी अजगर नान्नजच्या, म्हणजे माळढोक अभयारण्याच्या माळावर वस्ती करेल असं मी म्हणत नाही, इतक्या कोरड्या भागात ते अवघड आहे. पण परक्या जिवांची ओळख सोलापूरला नवी नाही. वेडी बाभूळ बघा, गाजरगवत बघा. उजनीच्या कोळ्यांना विचारा, जाळ्यात चिलापी किती येते आणि जुने मासे किती. मांगूर हा परदेशी मासा बंदी असून कुठे कुठे वाढवला गेला, हे करमाळा-इंदापूरकडच्या लोकांना सांगायला नको. आणि आता मुंबई, चेन्नई, बंगळुरूच्या विमानतळांवर परदेशी साप सामानात लपवून आणलेले पकडले जातात, त्यात बॉल पायथन हा आफ्रिकेतला अजगर बऱ्याचदा असतो. बाहेरदेशीचा संरक्षित यादीतला प्राणी पाळायचा तर सरकारकडे नोंद करावी लागते. नोंद नसलेला साप कुणाच्या घरी दिसला, किंवा कॉलवर गेल्यावर पोत्यात न ओळखता येणारा साप आला, तर तो रानात सोडू नका. वनविभागाला कळवा. तीच एक वेळ असते जेव्हा काही करता येतं. वीण झाल्यावर काय उरतं ते फ्लोरिडाने दाखवलंय: सध्याच्या साधनांनी तिथून अजगर पूर्ण काढणं शक्य नाही, असं तिथले संशोधकच म्हणतात.

दुसरी गोष्ट मोजण्याची. माळढोकाची गणना होते, म्हणून तो संपत आलाय हे आपल्याला माहीत आहे. पण त्याच माळावर ससे किती होते? खोकड किती, चंडोल किती, धाविक किती? एव्हरग्लेड्समध्ये १९९६ साली कुणीतरी साध्या रॅकूनची नोंद ठेवली म्हणून पुढचं सगळं सिद्ध करता आलं. नोंद नसती तर जुनी माणसं ‘पूर्वी खूप असायचे हो’ म्हणाली असती आणि विषय तिथेच संपला असता.

(यानंतर एका विद्यार्थिनीने विचारलं, की मग नेमकं काय मोजायचं आणि कसं?)

छान विचारलंस. सोपं ठेव. एक रस्ता ठरव, नान्नज ते मार्डी घे किंवा अकोलेकाटीकडचा घे, रोजच्या रहदारीचा नको. महिन्यातून एकदा, तीच वेळ, तोच वेग. सूर्यास्तानंतरचा एक तास धर. एकटी जाऊ नकोस, दोघं-तिघं जा, आणि अभयारण्याच्या हद्दीत शिरायचं असेल तर वनविभागाची परवानगी आधी घ्या. वहीत तारीख, हवामान, सुटल्याची आणि पोचल्याची वेळ. मग ससा, खोकड, मुंगूस, घोरपड, टिटवी, रातवा, दिसेल तो साप, आणि भटकी कुत्रीसुद्धा, कारण या माळावर आज सर्वांत मोठा उपरा शिकारी बहुधा तोच आहे. रस्त्यावर मेलेले प्राणी वेगळ्या रकान्यात. आणि ज्या रात्री काहीच दिसलं नाही, त्या रात्रीही शून्य लिही. लोक शून्य लिहायचा कंटाळा करतात, आणि पुढे सगळ्यात जास्त उपयोग त्याच नोंदींचा होतो.