फणसाखालची जीप

(पहाट. पाऊस नुकताच थांबलाय. फणसाच्या पानांवरून पाणी ठिबकतंय.)

आमच्या गोठ्यामागं हा फणस. याच्याखाली एक जीप अठ्ठावीस वर्षं होती. चारही चाकं रिमपर्यंत मातीत रुतलेली, बॉनेटवर शेवाळ, मागच्या हौद्यात घाणेरीचं झुडूप. ड्रायव्हरच्या सीटवर कोंबडी अंडी घालायची. गावात आमच्या घराला ‘जीपवाल्यांचं घर’ म्हणतात, पण ती जीप चालताना मी कधी पाहिलीच नव्हती.

नंबरप्लेटवर ‘एम’पासून सुरू होणारी तीन अक्षरं आणि चार आकडे. १९८९ पासून ‘एमएच’ आलं, त्याच्या आधीची ही खूण. आरसी बुकात वर्ष १९६९, इंधन पेट्रोल, मालक म्हणून आजोबांचं नाव. दुधाच्या पासबुकांबरोबर पत्र्याच्या ट्रंकेत आजोबांनी ते बुक जपून ठेवलं होतं. जीपच्याही आधी ते बुक तुम्हाला दाखवतेय, कारण ते नसतं तर पुढचं काहीच झालं नसतं.

(आरसी बुकाची पानं. वाळवीनं खाल्लेला एक कोपरा.)

आमचं गाव गगनबावडा तालुक्यात. कोल्हापूरहून रस्ता पंचावन्न किलोमीटर पश्चिमेला येतो आणि इथून करूळ नाहीतर भुईबावडा घाटानं कोकणात उतरतो. वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. जून ते सप्टेंबर वरच्या शेताची वाट म्हणजे तांबड्या चिखलाचा ओढा. आजोबांनी जीप घेतली ती याच वाटेसाठी. भाताची पोती, नाचणी, वैरण, अडलेली बाळंतीण, सगळं याच गाडीतून खाली आलं.

१९९४ च्या पावसाळ्यात घाट उतरताना ब्रेकचं पेडल अचानक पायाखालून पार खाली गेलं. जुन्या जीपला ब्रेकचं एकच सर्किट. एका चाकाचा पाइप फुटला की तेल जातं आणि चारही चाकांचा ब्रेक जातो. आजोबांनी गाडी गिअरात धरली, डोंगराच्या बाजूला घासत थांबवली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी ओढून घरी आणली, फणसाखाली लावली आणि किल्ली देवघरात ठेवून दिली. त्यानंतर ते त्या विषयावर कधी बोलले नाहीत.

२०२२ च्या जुलैत वरच्या शेताच्या वळणावर आमचा पिकअप रुतला. दोन बैलजोड्या लावून काढला, तोवर त्या दिवसाचं दूध नासून गेलं. घरी येऊन मी देवघरातली किल्ली घेतली आणि फणसाकडं गेले.

मेस्त्री आले ते आठवड्यानं. आजोबांच्या काळात हेच या गाडीचं काम करायचे, तेव्हा ते शिकाऊ पोरगं होते. त्यांनी बॉनेट उघडलं नाही. आधी पोतं अंथरून गाडीखाली गेले आणि लहान हातोडीनं चासीवर ठोकत ठोकत मागून पुढं आले. कान लावून ऐकत होते. जिथं लोखंड कुजलेलं असतं तिथं आवाज बसका येतो. बाहेर आले, हात पुसले आणि म्हणाले, ‘‘चासी वाजतीया बघा, ताई. पत्र्याचं काय, पत्रा मिळतोय.’’

तेवढ्यावर काम सुरू झालं.

(ट्रॅक्टरनं जीप ओढून बाहेर. चाकांच्या जागी चार खड्डे.)

ही महिंद्र सीजे-३बी. हिचं घराणं मोठं आहे. सप्टेंबर १९४० मध्ये बँटम या छोट्या कंपनीनं अमेरिकी लष्करापुढं पहिली नमुना गाडी उभी केली, आणि मग विलीज आणि फोर्डनं मिळून युद्धाच्या काळात सहा लाखांहून जास्त जीप बांधल्या. विलीजच्या जीपमधलं इंजिन घडवलं डेलमार ‘बार्नी’ रूस या अभियंत्यानं. के. सी. महिंद्र तेव्हा इंडिया सप्लाय मिशनचे प्रमुख म्हणून अमेरिकेत होते, त्यांची आणि रूसची तिथं भेट झाली. १९४५ मध्ये लुधियानात ‘महिंद्र अँड मोहम्मद’ सुरू झाली. भागीदार गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ मध्ये कंपनीचं नाव ‘महिंद्र अँड महिंद्र’ झालं. मुंबईत माझगावला सुट्या भागांतून विलीज जीप जोडायचं काम याच सुमारास सुरू झालं.

तीन-बीचं बॉनेट इतर जीपपेक्षा उंच दिसतं. त्याचं कारण आत आहे. रूसच्या युद्धकाळातल्या इंजिनात सगळे व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये, बाजूला होते. ताकद साठ अश्वशक्ती. पुढच्या ‘हरिकेन’ इंजिनात इनटेकचे, म्हणजे हवा-पेट्रोल आत घेणारे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये नेले, धूर बाहेर सोडणारे एक्झॉस्टचे खालीच ठेवले. बोअर, म्हणजे सिलेंडरचा व्यास तोच, स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची चाल तीच, ताकद पंचाहत्तर. पण इंजिनाची उंची वाढली, म्हणून १९५३ मध्ये बॉनेट उचलावं लागलं. दिसायला म्हणून केलेली एकही रेघ या गाडीत नाही. मला ती आवडते ती त्याचसाठी.

(स्पार्क प्लग काढलेलं इंजिन. चार काळी भोकं.)

इंजिन जाम होतं. प्लग काढून चारही भोकांत डिझेल ओतलं आणि वाट बघितली. रोज सकाळी दूध काढून झालं की मी हॅण्डल लावून जोर करायची. हललं नाही तर पुन्हा डिझेल. घाई करून दांडीनं ठोकलं असतं तर रिंगा तुटल्या असत्या, पिस्टनही गेला असता. सतराव्या दिवशी हॅण्डल बोटभर सरकलं. मी तिथंच चिखलात बसून रडले, तेव्हा कॅमेरा चालू नव्हता.

फिरलं म्हणजे चालू झालं असं नाही. तिसऱ्या सिलेंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह गंजून उघडाच अडकलेला. या इंजिनात तिथं पोचणं त्रासाचं, कारण टॅपेटचं झाकण बाजूला, मॅनिफोल्डच्या आड असतं. शेवटी पूर्ण इंजिन खाली घ्यायचं ठरलं.

इथं घरात वाद झाला. काका म्हणाले, पेट्रोल काढून टाका, डिझेल बसवा. त्यांचं चुकत नव्हतं. १९७३ मध्ये तेल भडकल्यावर हजारो जीपमध्ये ट्रॅक्टरची डिझेल इंजिनं बसली. पुढं कंपनीनंही स्वतः डिझेल जीप काढल्या. आमच्या पट्ट्यात आज पेट्रोल इंजिनाची तीन-बी शोधून सापडत नाही. पण इंजिन बदलायला मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली परवानगी लागते, आणि मूळ रचनेत फेरफार चालणार नाही असं सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलंय. शिवाय डिझेलच्या धक्क्यांना ही गिअरबॉक्स किती पुरेल याची मेस्त्रींना खात्री नव्हती. ते म्हणाले, ‘‘काढू की. पन मग ही कंची गाडी राहिली?’’

पेट्रोल इंजिन राहिलं.

(कोल्हापूर. लेथचा आवाज, लोखंडी चुऱ्याचा ढीग.)

इंजिन टेंपोत घालून आम्ही शिवाजी उद्यमनगरात नेलं. शेतावरची ऑइल इंजिनं घडवून या वस्तीचा हात बसलाय. ब्लॉकच्या भिंती गंजानं खाल्ल्या होत्या. बोअर वाढवून घेतला, ओव्हरसाइज पिस्टन बसवले. क्रँक फक्त तीन मेन बेअरिंगवर फिरतो, म्हणून तो घासून देणारे म्हातारे कारागीर मापाला फार जपत होते. मायक्रोमीटर तीनदा लावला, तरी चौथ्यांदा लावला. एक व्हॉल्व्ह गाइड कुठंच मिळेना, तो त्यांनी दुपारच्या जेवणाआधी लेथवर काढून दिला. पैसे विचारले तर म्हणाले, चहा पाजा.

व्हॉल्व्हला फट ठेवायची इनटेकला अठरा थाऊ, एक्झॉस्टला सोळा, इंजिन गार असताना. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. मेस्त्रींना हे आकडे तोंडपाठ. फीलर गेज सरकवताना ते डोळे मिटतात.

बॉडीवर मी कमी बोलणार आहे. फरशी गेली होती, ती नवीन पत्र्याची केली. खालच्या आडव्या पट्ट्यांत चिखल साठून राहतो आणि तिथूनच कुज सुरू होते, म्हणून त्यांना पाणी निघायला भोकं पाडली. आत-बाहेर रेड ऑक्साइड, वर साधा राखी रंग. आजोबांनी घाटात डोंगराला घासली होती तो डावा मडगार्ड मात्र आम्ही सरळ केला नाही.

पैसा आणि वेळ गेला तो ब्रेक आणि स्टिअरिंगवर. मास्टर सिलेंडर पायाखालच्या पत्र्याखाली असतो, चाकांचा सगळा चिखल बरोबर तिथं उडतो. नवीन घेताना दोन सर्किटचा घेतला. पुढची चाकं एका वाटेवर, मागची दुसऱ्या. एक वाट फुटली तरी दुसरी धरून ठेवील. त्यासाठी ब्रॅकेट वेगळं करावं लागलं. ज्यांना गाडी अगदी मूळ रूपात हवी असते त्यांना हे खटकेल, मला कळतं. पण मला ही गाडी घाटात चालवायचीय, आणि आजोबांच्या पायाखालून गेलेलं ते पेडल मी विसरू शकत नाही.

हॅण्डब्रेक चाकांवर नाही, ट्रान्सफर केसच्या, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणाऱ्या पेटीच्या मागं शाफ्टवर एकच ड्रम. सील गळालं आणि त्यात तेल गेलं की तो धरत नाही. म्हणून चढावर लावली की चाकाखाली दगड. आजोबांचा दगड अजून फणसाच्या बुंध्याशी होता.

(आरटीओचं आवार. कागदांची फाइल हातात.)

आता कागद. जुलै २०२१ पासून पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूपातल्या गाड्यांसाठी विंटेज नोंदणी आली. वेगळी ‘व्हीए’ मालिका, वीस हजार रुपये फी, दहा वर्षं मुदत. बऱ्याच जणांनी सांगितलं, हेच कर. मी नियम वाचला. ती गाडी प्रदर्शनाला नेता येते, रॅलीला नेता येते, पेट्रोल भरायला किंवा दुरुस्तीला नेता येते. रोजच्या कामाला रस्त्यावर आणता येत नाही. म्हणजे दुधाच्या किटल्या नाहीत, वैरण नाही, बाजार नाही. अशा नोंदणीत ती पुन्हा फणसाखालीच उभी राहिली असती, फक्त चकचकीत होऊन.

म्हणून साधी वाट धरली. आजोबांनंतर मालकी वडिलांच्या नावावर, त्याला फॉर्म ३१. मग नोंदणीचं नूतनीकरण, फिटनेसची तपासणी, पर्यावरण कर, विमा, पीयूसी. चासी नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासली आणि १९६९ मध्ये ठोकलेले आकडे एकेक करून वर आले. ही नोंदणी पाच वर्षांची असते. पाच वर्षांनी पुन्हा तपासणीला उभी करायची. करू.

(हिवाळ्यातली सकाळ. धुकं.)

जानेवारी २०२४. सेल्फ मारला, दोनदा नुसतं घुरघुरलं. तिसऱ्यांदा धरलं. वडील अंगणात उभे होते, ते काही न बोलता आत गेले आणि आजोबांच्या फोटोपुढं उदबत्ती लावून आले.

गाडी चालवायला मला नव्यानं शिकावं लागलं. पहिल्या गिअरला सिंक्रो नाही, म्हणजे दाते आपोआप जुळत नाहीत; गाडी पूर्ण थांबवून टाका नाहीतर डबल क्लच करा, म्हणजे क्लच दोनदा दाबा. मोठ्या गिअरशेजारी दोन छोट्या दांड्या. एकीनं पुढची चाकं जोडायची, दुसरीनं लो, म्हणजे संथ पण जास्त जोराचा गिअर टाकायचा. पुढची जोडल्याशिवाय लो पडतच नाही, आतच तशी अडसर ठेवलीय. डांबरावर फोर बाय फोर लावायचं नाही, कारण वळणावर पुढची आणि मागची चाकं सारखी फिरत नाहीत आणि मध्ये तो फरक सोडवणारं काही नाही. चिखलात चाक घसरून सोडवून घेतं, डांबरावर ताण थेट गिअरांवर येतो.

पण त्या वळणावर, जिथं पिकअप रुतला होता, तिथं ही गाडी काय करते ते बघा.

(वरच्या शेताची वाट. चाकाजवळून दृश्य. इंजिनाचा संथ ठोका.)

पहिला गिअर २.८, लो २.४६, हाउसिंग, म्हणजे चाकांच्या दांड्यातला गिअर, ५.३८. विलीजच्या मूळ आकड्यांचा हा गुणाकार ३७ वर जातो. इंजिन सदतीस वेळा फिरतं तेव्हा चाक एकदा. माणसाच्या चालीहून हळू, रेस न देता, चिखल दाबत दाबत गाडी वर जाते. लांब स्ट्रोकचं इंजिन आहे, कमी फेऱ्यांतच जोर देतं. किटलीतलं दूध हिंदकळतसुद्धा नाही.

कसर आहे. लिटरला आठ-नऊ किलोमीटर. मेन सील अजून गळतं, म्हणून अंगणात खाली पत्र्याचा डबा. आताच्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं. ते जुनं रबर खातं आणि पाणी ओढून घेतं, त्यामुळं पंपाचा पडदा आणि सगळ्या नळ्या बदलल्या, आणि पावसाळ्यात टाकी कधी अर्धी ठेवत नाही. पन्नास-पंचावन्नच्या पुढं मी तिला पळवत नाही. कोल्हापूरला जायचं असेल तर अर्धा तास आधी निघते.

मेस्त्री दर अमावस्येला येतात, ग्रीसगन घेऊन. काम झालं की ड्रायव्हरच्या सीटवर बसून चहा पितात.

(हौद्यात किटल्या चढतायत. दोरी आवळली जाते.)

आज चार किटल्या आहेत, आणि वैरणीचे दोन भारे. रात्रभर पाऊस होता, वाट मऊ असणार. सव्वासहाला दूध संकलन बंद होतं. चाकाखालचा दगड काढते.