अंगावर एक फोड नाही

रात्रीचे अडीच वाजलेत. मीटर रूमची आग विझलीय, बंब अजून गेटवरच उभा आहे. सातव्या मजल्यावरच्या काकूंना जवानांनी धुराने भरलेल्या जिन्यातून खाली आणलं. अंगावर एक फोड नाही. शेजारी म्हणतात, "वाचलात हो काकू! चला, आमच्याकडे चहा घ्या."

काकूंचा आवाज बसलाय. नाकपुड्यांत काजळी, थुंकी काळी.

आधी हॉस्पिटल. चहा नंतर.

गरम धुराने घसा आतून पोळतो. सूज काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशीही चढते आणि श्वासाची वाट आवळत जाते. म्हणून पेशंट नीट बोलत असतानाच डॉक्टर कधी कधी घशातून श्वासासाठी नळी घालायचं ठरवतात. नातेवाईक हादरतात, चिडतातही. त्यांचं चुकत नाही. पण सूज पुरती चढली की नळी आत सरकवणं फार अवघड होतं.

दुसरा घातक पाहुणा दिसत नाही, त्याला वासही नाही. कार्बन मोनॉक्साइड. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून घट्ट चिकटतो. कोविडपासून घरोघरी आलेला, बोटाला लावायचा ऑक्सिमीटर इथे फसतो, कारण या वायूने भरलेलं रक्त त्याला ऑक्सिजनने भरल्यासारखंच दिसतं. आकडा ९८, आणि माणूस आतून गुदमरतोय! त्यासाठी रक्ताची वेगळी तपासणी लागते. साध्या हवेत रक्तातला हा वायू निम्मा व्हायला चार-पाच तास जातात. मास्कमधून १०० टक्के ऑक्सिजन दिला तर तास-दीड तास. म्हणून रिपोर्टची वाट न बघता मास्क ॲम्ब्युलन्समध्येच लागतो.

२९ डिसेंबर २०१७. मध्यरात्र उलटल्यावर मुंबईत लोअर परळच्या कमला मिलच्या आवारातल्या पबमध्ये आग भडकली. १४ जण गेले, बहुतेक गुदमरून. आगीपासून लपायला त्यातले अनेक जण स्वच्छतागृहात शिरले होते. धूर तिथेही पोचला. फोम आणि प्लास्टिक जळताना त्यात सायनाइडही मिसळतं. तोंडावरचा ओला रुमाल काजळी अडवतो, हे वायू नाही.

काकू आता मास्क लावून पडल्यात. मुलगा विचारतो, "घरी कधी सोडणार?" डॉक्टर आज ठेवून घेतात, आणि एक गोष्ट बजावून सांगतात: कार्बन मोनॉक्साइडचा फटका मेंदूला उशिराही बसू शकतो. पुढच्या काही आठवड्यांत आई विसरायला लागली, चालताना तोल जायला लागला, तर वयावर ढकलू नका. लगेच घेऊन या, आणि धुरात सापडल्या होत्या हे आवर्जून सांगा.