आजींची साक्ष

(दृश्य: सोसायटीचा जिना. अर्धवट उघडं दार.)

"सून मला जेवायला घालत नाही."

डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) झालेल्या आजी शेजाऱ्यांना असं सांगतात, तेव्हा काय समजायचं? कदाचित त्या अर्ध्या तासापूर्वीच पोटभर जेवल्या असतील आणि आता ते आठवत नसेल. किंवा काल दुपारपासून त्यांच्या पोटात खरंच काही गेलं नसेल. दोन्ही वेळी वाक्य तेच, सूर तोच. आपण मात्र बहुतेकदा "त्यांचं असंच चालतं हो" म्हणतो आणि जिना उतरतो.

भारतात साठीपुढच्या सुमारे 88 लाख लोकांना डिमेन्शिया असल्याचा अंदाज आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते, जगभरात साठी ओलांडलेल्या दर सहा माणसांपैकी एकाला वर्षभरात कुठला ना कुठला छळ सोसावा लागतो. डिमेन्शिया असेल तर हा धोका वाढतो. कालचं आठवत नाही, त्यामुळे तक्रार होत नाही; झालीच, तर कुणी खरी मानत नाही.

(दृश्य: बाहेरून कडी लावलेली खोली.)

मारहाण होतेच. पण दिवसभर कडी लावून कोंडणं हाही छळ आहे. रात्री उठून भटकू नयेत म्हणून ओढणीने पलंगाला बांधणं, डायपर वाचावा म्हणून संध्याकाळनंतर पाणीच न देणं, डॉक्टरांना न विचारता झोपेची गोळी वाढवणं, हाही छळच. वर्षभर घराबाहेर न पडलेल्या आजोबांना नोव्हेंबरात इस्त्रीचा शर्ट घालून बँकेत नेतात, हयातीच्या दाखल्यासाठी. पेन्शन चालू राहते. त्यातलं त्यांच्या औषधाला किती जातं, हे कुणी विचारत नाही. बक्षीसपत्रावर अंगठा घेतानाही, कशावर घेतोय हे त्यांना कळलंय का, याची खात्री क्वचितच होते.

हे करणारी सगळी माणसं दुष्ट असतात, असं आम्ही म्हणणार नाही. दिवे लागणीला आजी दाराशी जाऊन "मला घरी जायचंय" म्हणत राहतात. रात्री तीनतीनदा उठतात. ब्युरोची मावशी परवडत नाही, दीर-नणंदा फोनवरून सल्ले देतात, आणि सगळं एकट्या सुनेवर येतं. मग एक दिवस हात उठतो. तिला मदत मिळायलाच हवी, दोन तासांची सुट्टी मिळायला हवी. पण तिची दमणूक खरी म्हणून आजींच्या दंडावरचा वळ खोटा ठरत नाही.

म्हणून शब्दांवर अडून न राहता अंगाकडे पाहावं. दंडाच्या आतल्या बाजूला बोटांच्या खुणा, मनगटाभोवती वळ, माकडहाडावर चिघळलेली जखम, महिनाभरात सैल पडलेलं ब्लाऊज. ठरावीक माणूस खोलीत आला की अंग चोरणं. घडलेलं विसरलं तरी त्याची भीती मागे राहू शकते. अर्थात, रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर साध्या धक्क्यानेही अंग काळंनिळं पडतं. तेव्हा निवाडा आपण करू नये, डॉक्टरांना दाखवावं.

(दृश्य: उपविभागीय अधिकाऱ्यांचं कार्यालय.)

ज्येष्ठांच्या पालनपोषणाचा कायदा 2007 चा आहे. सांभाळ करण्याच्या अटीवर घर नावावर करून घेतलं आणि सांभाळलं नाही, तर कलम 23 खाली ते हस्तांतरण रद्द करता येतं. ती अट बक्षीसपत्रातच लिहून घ्यावी, आणि समज शाबूत असतानाच. वाऱ्यावर सोडून देणं हा गुन्हा आहे. त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. या कायद्याखालचा अर्ज ज्येष्ठाने स्वतः उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे करायचा असतो. ते जमत नसेल, तर त्याने अधिकार दिलेली व्यक्ती किंवा संस्था करू शकते. आजींना असा अधिकार देण्याइतकीही समज उरली नसेल, तर? न्यायाधिकरणाला स्वतःहून दखल घेण्याची मुभा कायद्याने दिली आहे. पण दखल घ्यायची, तर आधी कुणीतरी त्यांच्या कानावर घालायला हवं.

ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन आहे 14567. सकाळी 8 ते रात्री 8, पैसे पडत नाहीत. फोन शेजाऱ्यांनी केला तरी चालतो.